खरं बोलणारा माणूस

गुंडू मगदूमनं तीस वर्षं युनियनसाठी एक काम नेटानं केलं. मालकाच्या माणसांसमोर बसायचं आणि खोटं बोलायचं.

आता असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटणार, लबाड होता मेला. तसं नव्हतं हो! घरात, गल्लीत गुंडू शब्दाचा पक्का. पण कोल्हापूरजवळच्या एका लोखंड ओतायच्या फाउंड्रीत बोलणीच्या टेबलाला बसला की त्याचं तोंड वेगळंच चालायचं. "साहेब, पोरं पेटल्यात. मी धरून ठेवलंय म्हनून, न्हाईतर..." असं म्हणून तो त्या 'न्हाईतर'वर थांबायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. बाहेर पोरं निवांत भडंग खात उभी असायची. साहेब लोक काही खुर्चीतून उठून बघायला जायचे नाहीत.

त्या कारखान्यात एक रीत होती. बोलणी सुरू होताना टेबलावर चहा यायचा, पण तोड निघेपर्यंत कुणी कपाला हात लावायचा नाही. कितीतरी वेळा चहा साय धरून तसाच परत गेला. कितीतरी वेळा गुंडूच्या एका थापेवर साहेबांनी निमूट कप उचलला. बोनस, कॅन्टीन, बायकांची वेगळी खोली, सगळं थापेवर मिळालं होतं. थाप म्हणजे त्यांचं हत्यार होतं, कारण दुसरं काही त्यांच्याकडं नव्हतंच.

आणि ह्याच शहाण्यानं 'साक्षी' आणण्यासाठी मोर्चा काढला होता.

कारण साधं होतं. मालक दर वर्षी तोट्याचं रडगाणं गायचे आणि दर वर्षी नवी गाडी घ्यायचे. खोटं ओळखणारं यंत्र निघालंय म्हटल्यावर राज्यभरच्या युनियनवाल्यांना हर्षवायू झाला. मालकाच्या तोंडाला साक्षी लावा, अशा घोषणा देत गुंडू भर उन्हात चालला. सरकारनं ऐकलं. मोठ्या कारखान्यातली प्रत्येक बोलणी साक्षीसमोर होणार, असा कायदा झाला. गावात पेढे वाटले. टेबलाला दोन बाजू असतात, एवढी गोष्ट त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आली नाही.

साक्षी म्हणजे पोळपाटाएवढी काळी चकती. टेबलाच्या मधोमध ठेवायची. कडेनं बारीक कॅमेरे, माइक आणि वर एक दिवा. जुनी यंत्रं माणसाची भीती मोजायची, म्हणजे छातीची धडधड, तळहाताचा घाम. त्यामुळं भित्रा माणूस खरं बोलून अडकायचा आणि निर्ढावलेला सुटायचा. साक्षीनं ती वाटच सोडून दिली. प्रश्न कानावर पडला की त्याचं खरं उत्तर मेंदूत आपोआप वर येतं, ते कुणाच्या हातात नसतं. खोटं बोलायचं तर त्या वर आलेल्या उत्तराला आधी दाबावं लागतं आणि मग दुसरं पुढं करावं लागतं. ह्या दाबण्याची मेहनत पापणी लवायच्या आत होऊन जाते, पण तेवढ्यात कातडीखालचं रक्त किंचित सरकतं, डोळ्यातली बाहुली मोठी होते, आवाजात कानाला न कळणारा कंप येतो. साक्षी तिन्हीचा मेळ घालायची. काही दाबलं नसेल तर हिरवा दिवा, दाबलं असेल तर लाल.

पहिल्याच बोलणीत गुंडूची शोभा झाली. विषय जिवावरचा होता. कंपनी साचे बसवणारी नवी ऑटोमॅटिक लाइन आणणार होती आणि ती आली की निम्म्या माणसांना घरचा रस्ता, हे सगळ्यांना दिसत होतं. कंपनीकडून दिवाण नावाचे मॅनेजर बसले होते.

"साहेब, माझी मानसं दोन म्हैने संपावरनं हलनार न्हाईत," गुंडू म्हणाला.

लाल.

"बरं, म्हैनाभर."

लाल.

दिवाणसाहेब खुर्चीत रेलले. "मगदूम, हळूहळू खाली या. कुठं हिरवा लागतो बघू."

त्यांच्या बाजूचे दोघं फिसकन हसले. गुंडूचे कान तापले. त्याला ठाऊक होतं, माणसं आठवडाभर तग धरतील, फार तर. घराघरात हप्ते होते, पोरांच्या फिया होत्या. मग दिवाणसाहेब शांतपणे म्हणाले, "संप झाला तर आम्ही कारखाना कर्नाटकात हलवणार. जागा घेऊन झालीय." दिवा हिरवागार. चहा साय धरून परत गेला.

गुंडू हात जोडत औद्योगिक वसाहतीतल्या बाकीच्या सहा फाउंड्यांच्या युनियनकडं फिरला. तुम्हीपण आमच्याबरोबर काम बंद करा, एवढंच मागणं. सातही फाउंड्या थांबल्या तर गाड्यांच्या कंपन्यांना माल जाणार नाही आणि मग मालकाच्या तोंडचं पाणी पळेल. पण सहाही ठिकाणी माना हलल्या. "गुंडूआन्ना, तुमचं पटतंय. पन आमच्यात बी लाइन येनार हाय. उगंच मालकाच्या डोळ्यावर कशाला यायचं?" ह्या मूर्खांना काय बोलणार! गुंडू शिव्या घालत घरी आला.

त्याच आठवड्यात युनियनलाही एक साक्षी मिळाली आणि ती वापरायचं प्रशिक्षण झालं. शिकवायला एक चष्मेवाल्या बाई होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "एक लक्षात घ्या. साक्षीला खरं-खोटं कळत नाही. तुम्ही आत काही दाबताय का, एवढंच तिला कळतं. सूर्य पश्चिमेला उगवतो असं मनापासून वाटणारा माणूस आणा, दिवा हिरवाच लागेल."

सगळे हसले. गुंडू हसला नाही. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा माणूस कोण, हेही त्याला त्याच क्षणी सुचलं.

दस्तगीर नदाफ भट्टीवर होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, एकाच डब्यात जेवलेले. दस्तगीरचा स्वभाव असा की कुणी काही सांगितलं की ह्याचा विश्वास बसलाच. कॅन्टीनमधली पोरं त्याला सांगायची, "दस्तगीरचाचा, उद्या सुट्टी हाय," आणि हा दुसऱ्या दिवशी घरी. त्याच्यावर हसायचे सगळे, पण अडल्यानडल्याला त्याच्याच दारात जायचे. युनियनमध्ये गुंडू सेक्रेटरी आणि दस्तगीर नावाला उपाध्यक्ष होता.

गुंडू रविवारी दुपारी त्याच्याकडं गेला. दस्तगीर अंगणात कोंबड्यांची जाळी बांधत बसला होता.

"दस्तगीर, एक बातमी हाय. साही फाउंड्यांनी शबूद दिलाय. आपन थांबलो की ती बी थांबनार."

दस्तगीरनं तार खाली टाकली. "काय सांगतोस मर्दा!"

"फक्त बोभाटा करू नगंस. त्यास्नी जाऊन इचारू बी नगंस. मालकाच्या कानावर गेलं तर मागं सरतील ती."

"मी कशाला इचारू? तू सांगिटलंस न्हवं?" दस्तगीरच्या डोळ्यात पाणी आलं. त्यानं गुंडूचे दोन्ही हात धरले. "या अल्ला! मला वाटलं व्हतं, बुडालो आपन. लई फिरलास रं तू."

गुंडूला तिथंच सांगून टाकावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलंही. पण त्याच्या डोळ्यांसमोर भट्टीवरची, साच्यावरची, वाळूचे गाभे करणाऱ्या कोअरशॉपातली माणसं उभी राहिली, आणि तो म्हणाला, "टेबलाला तू बस ह्या टायमाला. माझा घसा बसलाय."

एक सांगायला हवं, ही अक्कल काही एकट्या गुंडूलाच आली नव्हती. तोवर साक्षी लग्नाच्या बैठकीत, जमिनीच्या व्यवहारातही आली होती आणि सगळीकडं हेच चाललं होतं. साक्षीला फसवायचं तर आधी आपल्याच माणसाला फसवायचं, हे लोक फार पटकन शिकले. पोराचं स्थळ घेऊन जाताना त्याच्या दारूचा पत्ता नसलेला एखादा भाबडा काका शोधून नेत. जमिनीच्या व्यवहारात दलाल आपल्या नव्या नोकराला खोटे कागद दाखवून पुढं बसवत. खरं बोलणाऱ्या माणसाला कधी नव्हे ती किंमत आली.

बोलणीच्या दिवशी गुंडू बाहेर व्हरांड्यात बसला. आत गेला असता आणि कुणी त्याला एक प्रश्न विचारला असता तर खेळ तिथंच आटपला असता. दार अर्धवट उघडं होतं. गंमत म्हणजे दिवाणसाहेबही आत नव्हते. त्यांच्या जागी एक नवी पोरगी बसली होती, निधी कर्णिक. पुण्याहून नुकतीच आलेली, बोलायला गोड, हातात कंपनीची नवी कोरी डायरी.

दस्तगीर म्हणाला, "मॅडम, आमी थांबलो तर साही फाउंड्या थांबनार. शबूद हाय त्यांचा."

हिरवा.

कर्णिकबाई फोन करायला उठून गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा फुलला होता.

"दस्तगीरकाका, मी स्वतः डायरेक्टरसाहेबांशी बोलले. लाइन बसवू द्या. एकाही माणसाला कमी करणार नाही. हा कंपनीचा शब्द आहे."

हिरवा.

गुंडूनं व्हरांड्यात डोळे मिटले. जिंकलो, असं त्याला वाटलं. तीस वर्षांत त्याला कुणी इतकं सरळ आश्वासन दिलं नव्हतं. आत करारावर सह्या झाल्या, कपबशा वाजल्या. दस्तगीर बाहेर आला तो मिशीला लागलेला चहा पुसत, आणि पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. गुंडूही नाचला. आपण ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं समोरचाही आला असेल, ही शंका ह्या मुरलेल्या माणसाला शिवली नाही. त्याला स्वतःच्या हुशारीची भूल पडली होती.

पुढचे दिवस गोडीगुलाबीत गेले. कुणी कुणी कुरकुरायचं, एकदा मशीन आत आलं की हे आपल्याला विचारतील का? दस्तगीर छातीवर हात ठेवून सांगायचा, "भिऊ नगा. फसवलंच तर साही फाउंड्या हाईत की पाठीशी!" दस्तगीर सांगतोय म्हटल्यावर माणसं गप्प व्हायची. माणसांनी आपल्याच हातांनी लाइनचे खोके ट्रकमधून उतरवले.

लाइन सुरू झाली आणि गेटवर यादी लागली. निम्मी माणसं कमी. दस्तगीरचं नाव त्यात होतं, गुंडूचंही होतं.

कर्णिकबाई गेटबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनाही सकाळीच काढलं होतं. डोळे रडून सुजलेले.

"मी खोटं बोलले नव्हते हो," त्या गुंडूला म्हणाल्या. "मला साहेबांनी खरंच तसं सांगितलं होतं."

"ठाव हाय बाई," गुंडू म्हणाला. "म्हनूनच तर तुमास्नी बशिवलं."

कंपनीचा खुलासा तयार होता. आमच्या अधिकारी मनापासून बोलल्या, साक्षीनं तशी ग्वाही दिलीय. नंतर परिस्थिती बदलली. खोटं कुणी बोललेलं नाही.

इकडं दस्तगीर कुणाला न विचारता सायकल काढून सहा फाउंड्यांकडं गेला होता. आता वेळ आलीय, चला, असं हक्कानं सांगायला. पहिल्या गेटवर त्याला कळलं. तरीही तो बाकीच्या पाचांकडं गेला.

परत आला तेव्हा गेटसमोर सगळी माणसं जमली होती. बायका होत्या, पोरं कडेवर होती. दस्तगीर गुंडूकडं न बघता गर्दीत उभा राहिला.

"साही फाउंड्यांनी कवाच न्हाई म्हनून सांगिटलं व्हतं," तो म्हणाला. एवढंच.

मग जो काही गलका उठला! "आमाला मशिनं उतरवायला लावलीस तू!" "किती घेतलंस रं मालकाकडनं?" ज्याला खांद्यावर घेतलं होतं त्याच्याच गळपटाला हात घालायला माणसं धावली. कोअरशॉपातल्या हौसाबाई संकपाळ मध्ये पडल्या. "थांबा! मारून काय मिळनार? युनियनची साक्षी हाय न्हवं हापिसात? आना. त्येला इचारूया."

चकती आणून स्टुलावर ठेवली. दस्तगीर समोर बसला.

"तुला ठाव व्हतं का, त्यांनी न्हाई म्हटलंय म्हनून?" हौसाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

हिरवा. गर्दी थोडी निवली. पण हौसाबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या.

"मग शबूद दिलाय म्हनून तुला कुनी सांगिटलं?"

गुंडू गर्दीच्या कडेला होता. पुढं व्हावं, मीच म्हणून सांगावं, असं मनात आलं आणि पाय जागचे हलले नाहीत. दस्तगीरनं पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"कुनी न्हाई," दस्तगीर म्हणाला. "क्यान्टीनमधी कानावर आलं, मलाच खरं वाटलं."

लाल.

साठीला टेकलेल्या माणसानं जन्मात पहिल्यांदा दुसऱ्यासाठी धडधडीत खोटं सांगितलं, आणि त्या चकतीनं तेही धकू दिलं नाही. एक एक मान वळली आणि गुंडूवर येऊन थांबली. कुणी त्याला मारलं नाही. हौसाबाई फक्त म्हणाल्या, "आन्ना, तुमी?" मग माणसं आपापल्या वाटेनं निघून गेली.

त्यानंतर गुंडूला कुणी दारात उभं करेना. पण पठ्ठ्या बसून राहिला नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि शेवटी देशिंगकर नावाचा एक तरुण वकील भेटला. तो म्हणाला, वाट आहे. करारावर सही करणारे दोघंही फसवलेले होते. कर्णिकबाई जबाब द्यायला तयार आहेत. दस्तगीरनंही द्यावा, मला माझ्याच सेक्रेटरीनं खोटं सांगून बसवलं म्हणून. मग करार रद्द होईल आणि माणसं परत कामावर घ्यावी लागतील. जबाबाची मुदत परवा संपतेय. गुंडूवर फसवणुकीचा खटला होईल, एवढीच अडचण.

"हूंदे की!" गुंडू म्हणाला. त्याला खरोखर हलकं वाटलं. तुरुंगात जाऊन का होईना, पण माणसांची भाकरी परत मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दस्तगीरकडं गेला. दस्तगीर पायरीवर बसून लसूण सोलत होता. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. गुंडूनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वकील, जबाब, मुदत, तुरुंग.

"दस्तगीर, तुझ्या पाया पडतो. चल माझ्यासंगं. माझं नाव घे, जे झालं ते सगळं सांग. मानसं परत कामावर जातील."

दस्तगीरनं मान वर केली. ज्यानं आयुष्यात कुणाला हा प्रश्न विचारला नव्हता त्यानं विचारला.

"खरं म्हन्तोस?"

"खरं! आईशपत खरं. साक्षी म्होरं बोलतो, चल. हिरवा न्हाई लागला तर तिथंच जोड्यानं मार मला."

"लागंल की हिरवा," दस्तगीर म्हणाला. "माझा बी लागला व्हता. त्या पोरीचा बी लागला व्हता." तो पुन्हा लसूण सोलायला लागला. "आता हिरवा बगिटला की मला भ्या वाटतं, गुंड्या. तू खरंच बोलत आसशील. पन तुला बी कुनीतरी सांगिटलंच आसंल न्हवं?"

"आरं, वकील हाय त्यो! शिकलेला मानूस!"

"त्येला कुनी सांगिटलं?"

देशिंगकर स्वतःहून आला होता. फी घेत नव्हता. तरुण होता, बोलायला गोड होता, डोळ्याला डोळा देऊन बोलत होता. का आला, कुणी पाठवला, हे गुंडूनं विचारलंच नव्हतं. उद्या दस्तगीरनं जबाब दिला आणि त्याच कागदावर बोट ठेवून कंपनी म्हणाली, बघा, फसवणूक युनियननंच केली, तर? उरलेली निम्मी माणसंही जातील. तसं नसेलही. पोरगा सरळ असेल, वाट खरीच असेल, आणि ती उद्या बंद होईल. दोन्ही सारखंच खरं वाटत होतं. कुणाला विचारायचं? ज्याला विचारावं तो मनापासूनच सांगणार.

"दस्तगीर," तो म्हणाला, "मी काय करू?"

"मला इचारू नगंस," दस्तगीर म्हणाला. "मला काय बी सांगिटलं की पटतं."

तो लसणाची ताटली घेऊन आत गेला. दार त्यानं आपटलं नाही, नुसतं लोटलं, आणि मग आतून कडी घातली.

गुंडूच्या खिशात फोन वाजायला लागला. वकिलाचा होता. तो वाजून वाजून थांबेपर्यंत गुंडू तिथंच उभा राहिला.